संपावर असलेल्या हॉटेलचं बुकिंग: रद्द करायचं, बदलायचं की तसंच जायचं?

प्रश्न थोडक्यात असा. डोंबिवलीचं सहा जणांचं कुटुंब: नवरा-बायको, नऊ आणि चार वर्षांची मुलं, सत्तरीतले आई-बाबा. मे महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोत पाच रात्री, पुढे लास व्हेगास. विमानाची तिकिटं स्वतः काढलेली, हॉटेलं दादरच्या एजंटकडून घेतलेली, पैसे पूर्ण भरलेले. आता सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या हॉटेलातल्या कामगारांनी संपाच्या बाजूने मतदान केल्याची बातमी आली आहे. एजंट म्हणतो, "नॉन-रिफंडेबल आहे, आणि तोवर मिटेल." रद्द करावं का, पैसे मिळतील का, विमा कामाला येईल का, आणि बाबांची शुगर व आईंचा शाकाहार यांचं काय करायचं?

संप होईल की नाही याचा अंदाज बांधण्यात वेळ घालवू नका, ते तुमच्या हातात नाही. तुमच्यापुढचे खरे प्रश्न वेगळे आहेत: खोली नेमकी कुणी विकत घेतलेली आहे, दंडाशिवाय बदलायची मुदत कधी संपते, आणि पैसे घेताना कोणत्या सोयी लेखी कबूल केल्या आहेत. तिन्हींची उत्तरं तुम्ही एजंटने दिलेल्या व्हाउचरवरून आणि दोन-तीन मेलवरून याच आठवड्यात मिळवू शकता.

आधी एक गैरसमज दूर करू. बेस्टचा संप झाला की बस आगारातच उभी राहते. जानेवारी २०१९ मधले ते नऊ दिवस मुंबईकर विसरलेला नाही. हॉटेलचा संप तसा नसतो. दार उघडं असतं, खोलीची चावी मिळते, लिफ्ट चालते. मॅनेजर, ऑफिसातली माणसं, इतर शहरांतून आणलेले कर्मचारी आणि तात्पुरते कामगार मिळून हॉटेल कसंबसं रेटतात. म्हणूनच पैसे आपोआप परत येत नाहीत, कारण हॉटेलच्या लेखी तुम्हाला खोली मिळालेली असते. विमान रद्द झालं तर युरोपात ठरावीक भरपाईचा नियम आहे. हॉटेलांसाठी असा बांधलेला दर सहसा नसतो. नाश्ता नाही, सफाई नाही, पूल बंद, असं नुकसान तुकड्यातुकड्यांनी होतं आणि मागावंही तसंच लागतं.

मतदान म्हणजे संप नव्हे, हेही लक्षात घ्या. अमेरिकेत कामगारांचा करार संपत आला की युनियन मतदान घेते, ते बहुतेक वेळा मोठ्या बहुमताने पार पडतं, आणि त्या जोरावर वाटाघाटी होतात. बऱ्याच ठिकाणी तिथेच मिटतं. मिटलं नाही तर संप तीनपैकी एका तऱ्हेने होतो. पहिली तऱ्हा मुदतीची: २०२४ च्या लेबर डेच्या (अमेरिकेतल्या सप्टेंबरातल्या कामगार दिनाच्या) सुट्टीत होनोलुलू, सॅन डिएगो, सिॲटल, बॉस्टन अशा शहरांतले सुमारे दहा हजार हॉटेल कामगार दोन-तीन दिवसांसाठी बाहेर पडले होते. दुसरी बेमुदत: त्याच वर्षी होनोलुलूच्या हिल्टन हवायन व्हिलेजमधला संप चाळीस दिवस चालला, आणि सॅन फ्रान्सिस्कोत सप्टेंबरात सुरू झालेला संप नाताळच्या तोंडावर मिटला. तिसरी आलटूनपालटून: लॉस एंजेलिसमध्ये जुलै २०२३ पासून आज ही हॉटेलं, चार दिवसांनी दुसरी, असं महिनोन्‌महिने चाललं. प्रवाशाच्या दृष्टीने ही तिसरी तऱ्हा सगळ्यात तापदायक, कारण आदल्या दिवशीपर्यंत काही कळत नाही. युरोपात मात्र बहुधा तारखा आधीच जाहीर होतात. एप्रिल २०२५ मध्ये स्पेनच्या टेनेरिफेकडच्या कॅनरी बेटांवर ईस्टरच्या गर्दीत १७ आणि १८ तारखेचा दोन दिवसांचा संप झाला. दोन दिवसांसाठी सहल मोडण्यात अर्थ नसतो.

तुमच्या लास व्हेगासबद्दल मी निर्धास्त आहे. तिथल्या तीन मोठ्या कॅसिनो कंपन्यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये युनियनशी पाच वर्षांचे करार केले, आणि करार चालू असताना सहसा संप होत नाही. पण एकाच शहरातल्या सगळ्या हॉटेलांचा करार एक नसतो. तिथल्याच व्हर्जिन हॉटेलात नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ असा दोन महिन्यांहून जास्त संप झाला. तीच गोष्ट साखळी-हॉटेलांची. पाटी एकच असली तरी मालक वेगळा, करार वेगळा, काही ठिकाणी युनियनच नाही. म्हणून "अमुक ब्रँडचा संप आहे" एवढ्यावर थांबू नका, हॉटेलचा पूर्ण पत्ता घेऊन शोधा. अमेरिकेतल्या हॉटेल कामगारांची मुख्य युनियन 'युनाइट हिअर'. तिच्या 'फेअरहॉटेल' या संकेतस्थळावर वादात असलेल्या हॉटेलांची नावं मिळतात. दुसरी चांगली खूण म्हणजे पाहुण्यांचे अभिप्राय, 'सर्वात नवे आधी' असे लावून. संप सुरू झाला की दोन दिवसांत तिथे ढोलाच्या आवाजाच्या तक्रारी दिसू लागतात.

आता बुकिंगच्या साखळीकडे येऊ. बहुतेकांची गाडी इथेच अडते. दादरच्या एजंटने ती खोली हॉटेलकडून थेट घेतलेली नसण्याची शक्यता जास्त. तो एखाद्या होलसेलरच्या (हॉटेलांच्या खोल्या घाऊक घेऊन एजंटांना विकणाऱ्या कंपनीच्या) पोर्टलवरून घेतो, होलसेलर हॉटेलशी किंवा आणखी एका होलसेलरशी व्यवहार करतो. त्यामुळे तुम्ही हॉटेलला फोन करून पैसे मागितले तर तिथला माणूस म्हणणार, "तुमचे पैसे आमच्याकडे आलेलेच नाहीत, एजंटशी बोला." एजंट म्हणणार, "हॉटेल देत नाही." दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात. हा चेंडू थांबवायचा एक ठरलेला रस्ता आहे.

एजंटकडून 'हॉटेल कन्फर्मेशन नंबर' मागा. व्हाउचरवरचा नंबर होलसेलरचा असतो, हॉटेलचा वेगळा असतो. तो मिळाला की हॉटेलच्या रिझर्व्हेशन विभागाला फोन करा. मे महिन्यात सॅन फ्रान्सिस्को आपल्या साडेबारा तास मागे असतं, म्हणजे तिथले सकाळचे दहा म्हणजे आपले रात्रीचे साडेदहा. आधी नावं त्यांच्याकडे लागली आहेत का ते विचारा. होलसेलरची बुकिंगं काही वेळा मुक्कामाच्या जेमतेम काही दिवस आधी हॉटेलच्या यादीत चढतात. मग विचारा, संप चालू असला तर रद्द करण्याचा दंड माफ कराल का? 'हो' म्हणाले तर कुणी मान्य केलं त्याचं नाव, हुद्दा आणि तारीख लिहून घ्या. त्याच रात्री ते एजंटला मेल करा. एजंट होलसेलरकडे विनंती टाकतो, होलसेलर हॉटेलला विचारतो, आणि "अमक्याने अमक्या तारखेला मान्य केलं" हे त्यात असेल तर काम होण्याची शक्यता बरीच वाढते. नाव नसलेली विनंती तीन-चार दिवसांनी "हॉटेलने नकार दिला" या एका ओळीनिशी परत येते. मात्र ही माफी सहसा संप प्रत्यक्ष सुरू झाल्यावरच मिळते, नुसत्या मतदानावर नाही. आणि पूर्ण रद्द करण्यापेक्षा "तेवढ्याच किमतीचं जवळचं दुसरं हॉटेल द्या" ही मागणी लवकर मान्य होते, कारण त्यात साखळीतल्या कुणाच्याच खिशातून पैसे जात नाहीत.

तोपर्यंत आजच एक पर्यायी बुकिंग करून ठेवा. फुकट रद्द करता येणारं, पैसे तिथे गेल्यावर द्यायचे असं. हमीसाठी क्रेडिट कार्ड लागतं, पण मुदतीत रद्द केलं तर खर्च शून्य. हॉटेल वादाच्या यादीत नसलेलं निवडा, आणि तुमच्या कुटुंबासाठी शक्यतो स्वयंपाकघर असलेला स्वीट किंवा अपार्टमेंट-हॉटेल. संप सुरू झाला की सगळेच आजूबाजूच्या हॉटेलांकडे धावतात आणि दर चढतात, म्हणून हे आत्ताच करायचं. मुदतीची वेळ नीट वाचा. ती बहुधा हॉटेलच्या स्थानिक वेळेनुसार असते. सॅन फ्रान्सिस्कोची १२ मेची संध्याकाळी सहाची मुदत आपल्याकडे १३ तारखेला सकाळी साडेसहाला संपते, म्हणजे उलट थोडा वेळ जास्तच मिळतो. पूर्वेकडे जाणारे इथे फसतात: टोकियोची मध्यरात्र म्हणजे मुंबईची रात्री साडेआठ. एजंटमार्फत घेतलेल्या खोलीसाठी मात्र त्याची स्वतःची मुदत हॉटेलच्या दोन-तीन दिवस आधीची असू शकते. ती लेखी मागा.

"नॉन-रिफंडेबल" हे एजंटच्या तोंडी ऐकून सोडून देऊ नका, व्हाउचरवरचा किंवा त्याच्या मेलमधला अटींचा मजकूर पाहा. काही वेळा हॉटेलची अट सात दिवसांपर्यंत फुकट रद्द करण्याची असते आणि नॉन-रिफंडेबल असतो तो फक्त एजंटचा सर्व्हिस चार्ज.

मग निर्णय काय? परिस्थितीवर अवलंबून आहे, पण गोलमोल उत्तर देणार नाही. निघायच्या आठवड्यापर्यंत फक्त मतदान झालेलं असेल तर दोन्ही बुकिंगं ठेवा. दोन-तीन दिवसांचा संप जाहीर झाला तर तसेच जा, पहिल्या दोन दिवसांत शहर बघा. बेमुदत संप सुरू झाला असेल आणि बदली हॉटेल मिळत असेल तर चार वर्षांचं मूल आणि शुगरचे आजोबा घेऊन तिथे राहू नका. नवरा-बायको दोघंच असते तर कदाचित वेगळं सांगितलं असतं. बदली मिळत नसेल, पैसे पूर्ण अडकले असतील, तर तयारीने जा आणि पुढचं वाचा.

संपातल्या हॉटेलात रोजची सफाई सगळ्यात आधी बंद होते. चेक-इनच्या वेळीच माणशी दोन-तीन टॉवेल, टॉयलेट रोल, कचऱ्याच्या पिशव्या मागून घ्या. नंतर रिसेप्शनवर रांग असते. खोली वरच्या मजल्याची आणि मुख्य दरवाज्याच्या मागच्या बाजूची मागा. निदर्शनं दाराशी असतात, ढोल, शिट्ट्या, मेगाफोन पहाटेपासून सुरू होऊ शकतात, आणि जेट लॅगमध्ये मुलं तेव्हाच जेमतेम झोपलेली असतात. सामान उचलणारी माणसं नसतील आणि चेक-आउटनंतर बॅगा ठेवायची सोयही बंद असेल असं धरून चला. व्हेगासची फ्लाइट संध्याकाळची असेल तर बॅगा कुठे ठेवायच्या हे आदल्या दिवशीच ठरवा. इन्सुलिनसाठी खोलीत फ्रिज आहे का, हे आत्ताच मेलवर विचारा. सगळ्याच खोल्यांत नसतो, आणि मिनिबारचा पेटारा कधीकधी पुरेसा थंडही नसतो.

खाण्याचं. रूम सर्व्हिस बहुधा बंद, नाश्ता एकतर बंद किंवा पाव, केक आणि कॉफीवर आलेला. घरून थेपले, मेतकूट, चिवडा, इन्स्टंट पोहे-उपमा घ्या, पण विमानतळावर खाण्याचं सामान फॉर्मवर किंवा अधिकाऱ्याला विचारल्यावर जाहीर करा. ताजी फळं आणि मांसाचं काही नेऊ नका. इन्सुलिन हातातल्या बॅगेत, प्रिस्क्रिप्शनसकट. आणखी एक गोष्ट हमखास चुकते. घरची इलेक्ट्रिक किटली तिथे नुसता ॲडॅप्टर लावून चालत नाही. आपल्याकडे २३० व्होल्ट, तिथे १२०. त्यामुळे १५०० वॅटची किटली तिथे जेमतेम चारशे वॅटने तापते आणि पाणी उकळायला चौपट वेळ लागतो. दोन्ही व्होल्टेजवर चालणारी प्रवासाची किटली इथूनच घ्या. खोलीतल्या कॉफी मेकरमध्ये पाणी तापवता येतं, पण पोह्यांना कॉफीचा वास लागतो. खोलीत इंडक्शन, कुकर किंवा फोडणी हे अजिबात नको. धुराचा अलार्म वाजला तर दंड वेगळा.

तुमच्या सौंनी विचारलं आहे की निदर्शनं चालू असताना आत जाणं बरोबर का. कायद्याने पाहुण्याला कुणी अडवू शकत नाही, आणि निदर्शक बहुधा पत्रक देऊन बाजूला होतात. युनियनचं आवाहन मात्र स्पष्ट असतं: संपातल्या हॉटेलात राहू नका, जेवू नका. २०२४ च्या संपातली एक मोठी मागणी हीच होती की कोविडच्या काळात बंद केलेली रोजची सफाई पुन्हा सुरू करा. चार दिवस न झाडलेली खोली साफ करायला एका बाईला लागणारे कष्ट वेगळेच असतात. त्यांच्या बाजूने उभं राहायचं असेल तर ते मुदत संपण्याआधी बुकिंग हलवून करा. दारात जाऊन वाद घालू नका, चेहऱ्यांचे व्हिडिओ काढू नका.

आता पैसे. जागेवर मिळतं तेवढं मुंबईत परतल्यावर मिळत नाही, हा माझा ठाम अनुभव. अमेरिकेतली बरीच हॉटेलं खोलीच्या भाड्यावर 'रिसॉर्ट फी' किंवा 'डेस्टिनेशन फी' घेतात. होलसेलरच्या बुकिंगमध्ये ती बऱ्याचदा तुम्ही हॉटेललाच थेट भरता, म्हणून माफ करायला हॉटेलला कुणाला विचारावं लागत नाही. समजा रोजचे ४० डॉलर, दोन खोल्या, पाच रात्री: ४०० डॉलर. पूल, जिम, पाण्याच्या बाटल्या ज्यासाठी ही फी, तेच बंद असेल तर ड्यूटी मॅनेजरला बोलावून ती बिलातून काढून घ्या, चेक-आउटच्या आदल्या संध्याकाळी. सकाळच्या रांगेत कुणाला वेळ नसतो. नाश्ता व्हाउचरवर लिहिलेला असेल तर त्याबदली जवळच्या कॅफेचं कूपन किंवा बिलात सूट मागा. बंद रेस्टॉरंटच्या पाटीचे, न झालेल्या खोलीचे फोटो काढा आणि त्याच दिवशी हॉटेल व एजंट दोघांना मेल करा. लवकर सोडून जायचं ठरवलं तर नुसते निघून जाऊ नका. 'अर्ली डिपार्चर'चा दंड माफ केल्याचं लेखी घ्या, नाहीतर उरलेल्या रात्री नो-शो (न कळवता गैरहजर) धरल्या जातात. डिपॉझिटसाठी फॉरेक्स कार्ड (आधी परकीय चलन भरून ठेवलेलं कार्ड) देऊ नका. त्यावर अडकवलेली रक्कम सुटायला आठवडे लागू शकतात. क्रेडिट कार्ड द्या.

विम्याकडून फार आशा ठेवू नका. आपल्याकडच्या प्रवास विम्यात 'संप' हा शब्द असतो, पण तो बहुधा विमान किंवा रेल्वेला उशीर होण्याच्या कलमात. हॉटेलात सेवा कमी मिळाली हे कारण त्यात सहसा बसत नाही. शिवाय पॉलिसी घेण्याआधी जाहीर झालेली घटना वगळलेली असते, म्हणून बातमी वाचून आज घेतलेली पॉलिसी या संपासाठी उपयोगी नाही. वैद्यकीय कारणासाठी मात्र ती घ्याच, बाबांच्या शुगरचा उल्लेख प्रपोजलमध्ये करून.

पैसे क्रेडिट कार्डाने भरले असतील तर 'सेवा मिळाली नाही' या कारणावर बँकेकडे डिस्प्यूट, म्हणजे पैसे परत मागणारी तक्रार, टाकता येतो. कार्ड कंपन्यांची मुदत साधारण १२० दिवसांची असते, पण बँका कागद मागत बसतात, तेव्हा परतल्यावर आठवड्यातच अर्ज करा. फक्त न मिळालेल्या भागाची रक्कम टाका. राहून आल्यावर पूर्ण बिलावर डिस्प्यूट टाकला तर तो टिकत नाही. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा नाकारलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार होते. यूपीआयने किंवा एनईएफटीने भरले असतील तर हा कार्डाचा रस्ता नाही.

मग उरतो एजंट. तो दोन गोष्टी म्हणणार: आम्ही फक्त मध्यस्थ, आणि संप 'फोर्स मेज्युअर'मध्ये, म्हणजे कुणाच्याही हाताबाहेरच्या घटनांत येतो. दुसऱ्यात तथ्य असू शकतं, संप त्याने घडवलेला नाही. म्हणून तुमची तक्रार संपाबद्दल नको. संपाची शक्यता मुदतीच्या आत लेखी कळवली, बदली हॉटेल मागितलं, त्याने हालचाल केली नाही, ही सेवेतली त्रुटी. यासाठीच आजचा मेल महत्त्वाचा. त्यात चार गोष्टी लिहा: बातमी कोणत्या तारखेची, तुमची मागणी काय, हॉटेल कन्फर्मेशन नंबर व रद्द करण्याच्या अटी पाठवा, आणि उत्तर अमुक तारखेपर्यंत द्या. व्हॉट्सॲपवर बोलणं झालं तरी त्याचा सारांश मेलवर टाका.

उत्तर आलं नाही किंवा टाळाटाळ झाली तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा. बरेच एजंट तिथेच तडजोडीला येतात. मुंबई ग्राहक पंचायतीकडूनही सल्ला मिळतो. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते, म्हणजे डोंबिवलीसाठी ठाणे जिल्हा. दादरला खेटे घालायला नकोत. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, तक्रार ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन करता येते, आणि मुदत दोन वर्षांची. वकील सक्तीचा नाही. फोटो, मेल, व्हाउचर आणि हॉटेलचं अंतिम बिल तारखेच्या क्रमाने लावून एका पीडीएफमध्ये ठेवा.

आणि एजंटने पॅकेजवर टीसीएस (विकणाऱ्याने ग्राहकाकडून आधीच वसूल केलेला आयकर) कापला असेल तर बुकिंग रद्द झाल्यावर त्या रकमेचं काय झालं ते विचारा. तो तुमच्या पॅनवर भरला गेला असेल तर आयकर पोर्टलवरच्या तुमच्या करनोंदीत दिसेल आणि रिटर्नमध्ये मागता येईल. ज्याच्या पॅनवर कापला त्यालाच मागता येईल, म्हणून बिल कुणाच्या नावावर आहे ते आत्ताच तपासा.